तिसऱ्या रांगेतला भाऊ

चौतीस वर्षं सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या, पण आपल्या मोजणीवर एकही वाद उभा राहिला नाही, हे मोजणीदार आल्यागेल्याला चहा येण्याआधीच सांगून टाकी. बायको आतून म्हणे, "वाद झाले नाहीत, कारण ह्यांच्याशी वाद घालायचं बळ कोणाच्या अंगात नव्हतं." तर असा हा माणूस निवृत्त होऊन घरात बसला. बसला म्हणजे काय, तर डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला आणि पातेली उंचीप्रमाणे लावू लागला. दीड महिन्यात बायकोने हात टेकले. "काहीतरी काम शोधा," ती म्हणाली, "नाहीतर मी शोधून देते, आणि ते घराबाहेरचं असेल."

काम चालत आलं. शहराच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून, परक्या सैनिकांची दफनभूमी होती. सत्तरेक वर्षांपूर्वी लढाई या शहरापर्यंत आली, तेव्हा समुद्रापलीकडून आलेले दोन हजारांवर जवान इथे पडले आणि इथेच राहिले. मागे रस्ता रुंद करायचा होता तेव्हा या जागेची हद्द मोजणीदारानेच मोजली होती, त्यामुळे तिथल्या माळ्याशी त्याची ओळख. माळ्याकडे अधूनमधून परदेशातून पत्रं येत. कोणाचा आजा, कोणाचा काका, कोणाचा भाऊ इथे असे, आणि येणं जमण्यासारखं नसे, म्हणून एक फोटो तरी पाठवा, अशी विनंती असे. माळ्याकडे कॅमेरा नव्हता आणि पत्र लिहायचं म्हटलं की तो झारी उचलून चालता होई. मोजणीदाराकडे कॅमेराही होता आणि पत्र लिहायची खाजही होती.

काम घेतलं ते त्याने आपल्या पद्धतीने घेतलं. दगड सगळे पूर्वेकडे तोंड करून, अक्षरं झिजलेली. ऊन समोरून आलं की दगड कोरा दिसे, तिरपं झालं की अक्षरं वर उठून येत. हे तिरपं ऊन सकाळी अकरा ते साडेअकरा एवढंच मिळे. त्या अर्ध्या तासात काय ते उरकायचं. आधी पाणी मारायचं, मग मऊ ब्रशाने शेवाळ काढायचं, मग फडक्याने टिपायचं. झाडाच्या सावलीतल्या दगडांसाठी तो बायकोच्या जुन्या कपाटाचा आरसा घेऊन जाई आणि कडेने उजेड पाडी. "माझा आरसा लष्करात भरती झाला," असं बायको शेजारणींना सांगे.

फुलांची कल्पनाही तिचीच. पहिले दहा-अकरा फोटो तिने पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो, हा फोटो आहे की जमिनीचा नकाशा? एखादी आई बघणार हे! निदान फूल तरी ठेवा." गॅलरीतल्या कुंडीत पांढरी शेवंती होती. तेव्हापासून दगडाच्या पायाशी स्टीलच्या पेल्यात चार शेवंत्या, असा त्याचा प्रत्येक फोटो. लोकांच्या पत्रांत फुलांचं हमखास कौतुक असे आणि मोजणीदार ते बिनदिक्कत स्वतःच्या नावावर घेई.

सत्तावन्न नंबरचा फोटो एका बाईंनी मागवला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली. "माझा दादा तुमच्याकडे आहे," असं पत्र सुरू होत होतं, जणू दादा सुट्टीत पाहुणा म्हणून आला होता. तो गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्या आठ वर्षांच्या. त्यांनी नाव, पलटण, तारीख, शिपाई नंबर, सगळं लिहून पाठवलं होतं. मोजणीदाराने फोटो पाठवला. त्या दिवसापासून दरवर्षी त्यांचं एक पत्र येई. "फोटो खिडकीशी लावला आहे. सकाळचा चहा त्याच्यासमोरच घेते. घरातलं सगळं त्याला सांगते. धाकट्या सुनेचं आणि माझं काय बिनसलं तेसुद्धा. तो मध्ये बोलत नाही, हे एक बरं आहे." मोजणीदार ही पत्रं बायकोला मोठ्याने वाचून दाखवी. चारशेवर लोकांना त्याने फोटो पाठवले, पण जीव जडला तो या एका म्हातारीवर. तो तिला ताई म्हणे, आणि ती त्याला फोटोवाले भाऊ.

या वर्षीचं पत्र वेगळं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी ताई निघाल्या होत्या. नात बरोबर होती, तिकिटं काढून झाली होती, वीस तारखेला पोहोचणार होत्या. मोजणीदाराने त्याच दिवशी माळ्याला सांगून तिसऱ्या रांगेतलं गवत कापून घेतलं.

पत्राला दोन दिवस झाले असतील, एका शाळामास्तरांची मेल आली. त्यांना आजोबांच्या कबरीचा फोटो हवा होता. नाव वाचून मोजणीदाराला वाटलं, हे तर ओळखीचं. फोटोंच्या नोंदींची वही उघडली. सत्तावन्न नंबर, तेच नाव, तीच पलटण, तीच तारीख. ताईंच्याच घराण्यातली दुसरी पाती असेल, असं समजून तो जुनाच फोटो पाठवणार होता. पण मास्तरांनी लिहिलं होतं की दगडावरचा शिपाई नंबर वाचता यायला हवा, कारण ते घराण्याचा वंशवृक्ष तयार करत होते. जुन्या फोटोत खालची ओळ शेवंतीमागे गेली होती. मग दुसऱ्या दिवशी तो अकराच्या ठोक्याला तिसऱ्या रांगेत हजर झाला. पेला बाजूला ठेवून फोटो काढला. नंबर मास्तरांनी दिला होता तोच, आकड्याला आकडा. खुशीत घरी येऊन तो वहीत नोंद करायला बसला, आणि सवयीने ताईंचं नऊ वर्षांपूर्वीचं पत्र काढून नंबर ताडून पाहिला.

नंबर वेगळा होता.

त्याने चष्मा पुसला. भिंग आणलं. भिंगातून चुकीचा नंबर फक्त मोठा दिसतो, बरोबर होत नाही. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मोजणीदाराला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. जेवण तसंच टाकून तो दफनभूमीकडे गेला. फाटकाशी लोखंडी पेटीत नावांची जाड यादी असते. ते नाव एका पानाच्या अगदी तळाला होतं. त्याने पान उलटलं. पुढच्या पानावर, पहिल्याच ओळीत, पुन्हा तेच नाव, तीच पलटण, तीच तारीख. नंबर ताईंच्या दादाचा. रांग अकरावी.

त्यांच्या मुलखात ते नाव दारोदार असणार, आणि त्या एका दिवशी अर्धी पलटण कापली गेली होती. त्यात नवल काही नव्हतं. नवल हे की नऊ वर्षांपूर्वी त्याने पान उलटलं नव्हतं. ऊन सरकत होतं म्हणून घाई केली होती. नाव जुळलं, पलटण जुळली, तारीख जुळली, आणि चौथी गोष्ट फुलांमागे राहिली. तीन बाजू मोजून चौथी अंदाजे लिहिणाऱ्या हाताखालच्या माणसांना त्याने आयुष्यभर चारचौघांत फैलावर घेतलं होतं.

अकरावी रांग पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे, भिंतीकडेला. माळ्याने झुडूप बाजूला धरलं तेव्हा दगड दिसला. त्यावर बोटभर शेवाळ होतं. गेल्या नऊ वर्षांत मोजणीदाराने चारशे दगड पुसले, पण या एका दगडावर त्याचा हात फिरला नव्हता, आणि दुसऱ्या कोणाचाही फिरला नसावा. तो तिथेच मातीत बसून राहिला. माळ्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग तोही बसला.

"एवढं काय त्यात," माळी म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आजीबाई येतील, तिसऱ्या रांगेत डोळे पुसतील, समाधानाने जातील. दगड बोलतोय थोडाच!"

घरी बायकोही तेच म्हणाली, पण तिचं म्हणणं जास्त लागलं. "सांगून तुम्हाला हलकं वाटेल हो. त्यांना काय वाटेल? नऊ वर्षं रोज सकाळी त्या फोटोसमोर बसतात. या वयात तेवढंही काढून घेणार?"

"आणि अकराव्या रांगेतल्याला काय सांगू?" मोजणीदार म्हणाला. "बहीण सातासमुद्रापलीकडून येऊन पन्नास पावलांवरून परत गेली, असं?"

 बायको उठून गॅलरीत गेली आणि शेवंतीला पाणी घालत बसली. सकाळीच घातलं होतं. तिथूनच म्हणाली, "फूल ठेवा असं मीच म्हटलं होतं."

त्याने पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा दोन पानी झाला. त्यात ऊन होतं, यादीचं पान होतं, नावाचा योगायोग होता, फक्त 'चुकलो' हा शब्द कुठे नव्हता. बायकोने वाचून परत दिला. "हे तर तुम्ही वरच्या साहेबाला लिहिलंय." दुसरा त्यानेच फाडला. तिसरा चार ओळींचा होता आणि खरा होता. तो पाकिटात घातला, तेवढ्यात ताईंच्या नातीचा फोन आला. आजीला काय औषधं लागतात, दफनभूमीत बसायला बाक आहे का, असं ती विचारत होती. "डॉक्टर नाहीच म्हणत होते," नात म्हणाली. "पण आजी ऐकते कोणाचं? आठ दिवसांत तीनदा बॅग भरून झाली. आता ह्या जाण्यावरच जगतेय म्हणा ना." मोजणीदार म्हणाला, "बाक आहे. प्रवास सांभाळून करा." पाकीट टेबलाच्या खणात गेलं ते तिथेच राहिलं. भित्रा होता असं म्हणायचं तर म्हणा. मी म्हणेन, त्या जागी बहुतेकांचं पाकीट खणातच राहिलं असतं.

मधल्या दिवसांत त्याने एवढंच केलं की अकराव्या रांगेत रोज जाऊन तो दगड थोडा थोडा साफ केला. जुनं शेवाळ एका दमात ओढलं तर अक्षरंही निघून येतात. ते रोज भिजवून, रोज थोडं काढावं लागतं. दहाव्या दिवशी नाव पूर्ण दिसलं, चौदाव्या दिवशी नंबर.

वीस तारखेला पावणेअकराला टॅक्सी फाटकाशी थांबली. ताई उतरल्या. ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात काठी. त्यांनी मोजणीदाराला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हीच ना भाऊ? मला वाटलं उंच असाल."

"असतो तर अक्षर वाचायला इतकं वाकावं लागलं नसतं," मोजणीदाराची बायको म्हणाली, आणि दोघी बायका हसल्या. मोजणीदाराला हसू आलं नाही. आत शिरल्यावर बाकावर बसवून, पाणी देऊन मग सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं.

पण ताई बसायला आल्याच नव्हत्या. "थांबा, दाखवू नका," त्या म्हणाल्या. "फोटोत मागे ते दोन बुंध्यांचं झाड आहे. हे बघा, ते तिथे. म्हणजे त्याच्या अलीकडची रांग." आणि काठी टेकत चालू लागल्या. नात मागे धावली. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण नऊ वर्षं रोज पाहिलेली वाट होती ती. मोजणीदार "ताई, ताई" करत राहिला, त्यांनी मागे पाहिलं नाही. शेवटी तो गवतातून आडवा पळत गेला आणि रांगेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"ताई, हा तुमचा दादा नाही."

 मग त्याने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. ऊन सांगितलं नाही, घाई सांगितली नाही. "नाव एकच होतं. मी नंबर पाहिला नाही. तुमचा दादा अकराव्या रांगेत आहे. चूक माझी आहे." हे शेवटचे तीन शब्द त्याच्या तोंडून बायकोने लग्नानंतर प्रथमच ऐकले, आणि एरवी तिने त्यावर वर्षभर थट्टा केली असती. त्या वेळी तिने मान खाली घातली.

नात मात्र भडकली. "आणि हे आत्ता सांगताय? इथे आणून? नऊ वर्षं आजी त्या फोटोला..." ताईंनी हात वर केला आणि ती गप्प झाली.

ताई दगडाकडे पाहत होत्या. काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. मोजणीदाराला वाटलं, आता ह्या रडणार, किंवा मला बोलणार, आणि बोलल्या तर बरं. ताई म्हणाल्या, "म्हणजे बुटाचं त्याला अजून माहीतच नाही."

"कसल्या बुटाचं?" नातीने विचारलं. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मग त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. दादा पलटणीत जायला निघाला त्या सकाळी त्यांनी त्याचा एक बूट लाकडाच्या ढिगात लपवला होता. बूट नाही म्हणजे जाणार नाही, असा हिशेब. घरभर शोधाशोध झाली. मधल्या भावाने खोडी केली असेल म्हणून दादाने त्याच्या एक ठेवून दिली. त्या दाराआड उभ्या होत्या, पण तोंड उघडलं नाही. शेवटी दादा वडिलांचे बूट घालून गेला. दोन बोटं मोठे होते, पुढे चिंध्या कोंबल्या होत्या. "अंगणातून जाताना फटक फटक वाजत होते," ताई म्हणाल्या. "तो पडल्याची तार आली तेव्हा मला वाटलं, मोठ्या बुटांत धावता आलं नसणार."

"ताई, पलटणीत नवे बूट देतात," मोजणीदार हळूच म्हणाला.

"ते मोठेपणी कळलं हो. पण आठव्या वर्षी जे मनात बसतं ते मोठेपणी कळून जातं थोडंच? नवऱ्याला नाही सांगितलं, मुलांना नाही सांगितलं. तुमचा फोटो आला त्या रात्री झोप नाही लागली. सकाळी हिंमत केली आणि त्याला सांगितलं. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू! त्यानंतरच तर रोज बोलायला लागले." त्यांनी काठीने तिसऱ्या रांगेतल्या दगडाकडे दाखवलं. "आणि सांगितलं कोणाला, तर ह्याला."

मोजणीदाराला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. आपण एका बहिणीची माफी भलत्याच पत्त्यावर पोहोचवली होती, आणि ती परत आणायची कुठली सोय त्याच्या वहीत नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

ताईंनी ते पाहिलं. "रडताय काय?" त्या म्हणाल्या. "मी रागावलेय तुमच्यावर, हे खरं. पण तो राग फाटकाबाहेर गेल्यावर. आत्ता मला कामं आहेत." त्या काठीवर भार देऊन उठल्या, आणि अकराव्या रांगेकडे न जाता तिसऱ्या रांगेत शिरल्या.

"आजी, अगं हा तो नव्हे," नात म्हणाली.

"माहीत आहे. नऊ वर्षं माझ्या घरातल्या भानगडी ऐकल्यात बिचाऱ्याने. न सांगता कशी जाऊ?" त्यांनी दगडाच्या माथ्यावर तळवा ठेवला. "ह्याचं कोणी आहे का, भाऊ?"

"नातू आहे. शाळेत मास्तर आहेत. त्यांच्यामुळेच कळलं."

"त्यांना कळवा. तुमच्या आजोबांची नऊ वर्षं कोणी विचारपूस केली नाही असं समजू नका, म्हणावं." मग दगडाकडे वळून, शेजाऱ्याचा निरोप घ्यावा तसं म्हणाल्या, "येते हं. ती बुटाची गोष्ट मात्र पोटात ठेवा." आणि मोजणीदाराने सकाळी तिथेही ठेवलेल्या पेल्यातल्या चार शेवंत्यांतल्या दोन उचलून घेतल्या.

पंपाच्या खोलीमागची वाट ओबडधोबड होती. एका बाजूने नात आणि दुसऱ्या बाजूने मोजणीदाराची बायको, अशा दोघींनी त्यांना धरून नेलं. माळ्याने झुडूप आधीच छाटून ठेवलं होतं. दगड स्वच्छ होता, आणि ऊन नेमकं तिरपं झालं होतं. अक्षर न् अक्षर उठून दिसत होतं. मोजणीदाराने पायाशी फुलांचा पेला ठेवला होता, बायकोनेच सकाळी भरून दिलेला.

ताईंनी काठीच्या टोकाने तो पेला बाजूला सरकवला. मग नातीच्या आधाराने गुडघे टेकून बसल्या आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागल्या. नात पर्समधल्या कागदाशी ताडून पाहत "हो, हो" म्हणत होती. मोजणीदार ओठांतल्या ओठांत तेच आकडे म्हणत होता. शेवटचा आकडा जुळला तेव्हा ताईंनी सगळा नंबर पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचून घेतला. एवढं होईपर्यंत अकरा वीस झाले.

"ताई, ऊन अजून दहा मिनिटंच आहे," मोजणीदार चाचरत म्हणाला. "फोटो काढू का?"

"जाऊ दे ऊन. उद्या येतंच की. आता सगळे जरा लांब जा."

सगळे पंपाच्या भिंतीपर्यंत मागे गेले. दफनभूमीत आवाज असा नव्हताच, आणि ताईंना कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचं हळू बोलणंही मोठ्याने असे. इच्छा असो वा नसो, सगळ्यांना ऐकू आलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "मी आले रे."  मग एकदम, दाराआडून बाहेर यावं तशा घाईने, "तुझा बूट मी लपवला होता. मधल्याला उगाच मारलंस."